चिरा

चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर
पेडल तळाला टेकलं
आणि वर यायला विसरलं.
मागे बेळगावचा गूळ, चाळीस ढेपी,
माझ्या मानेवर त्यांचं सगळं वजन.
दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा,
तेव्हा कुठे किर्र करून
लोखंडाने लोखंडाला धरलं.
केरीपर्यंत दुसऱ्या गिअरवर आले.
देवाचं नाव घेतलं नाही. शिव्या घातल्या,
त्याही सगळ्या सुदीनला.

गाडी त्याची.
पिसुर्ल्याची खाण बंद पडली तेव्हा
मातीमोल मिळाली म्हणून घेतलेली.
मग तो बोटीवर गेला,
परक्यांच्या चादरी बदलायला,
आणि चावी ठेवून गेला
खाज्याच्या डब्यावर.
तू चालवशील, म्हणाला. विचारलं नाही.

लादिस्लावने पुढच्या चाकांना चिरे लावले,
मागची दोन्ही उचलली.
'फातर्प्याची जत्रा आठ दिवसांवर आली,' मी म्हटलं.
तो ड्रमशी बोलल्यासारखा म्हणाला,
'जातलें.'

ड्रम निघेना.
रॉकेल. हातोडी. पुन्हा रॉकेल.
तोंडावर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं होती,
मी त्यांना इतकी वर्षं नुसती भोकं समजत होते.
त्यांत त्याने दोन बोल्ट घातले,
अर्धा फेरा याला, अर्धा त्याला,
आणि दाढ उपटावी तसा
ड्रम आवाज करून सुटला.

आत लाल धूळ.
'फुंकूं नाका बाय, फुफ्फुसात वता.'
त्याने पाणी ओतलं.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली,
ड्रमला कुणी कळवलंच नव्हतं.

'एके वटेचें सोंपय,
मागीर दुसरे वटेक हात लाय.'
म्हणजे उजवी बाजू तशीच ठेवायची,
डावी विसरलो तर तिच्यात बघायचं.
मी उकिडवी बसून उजवी पाठ केली:
वरची स्प्रिंग, खालची स्प्रिंग,
दातेरी चाक, हँडब्रेकची दोरी,
आणि एका तुटलेल्या स्प्रिंगच्या टोकाला
सायकलचा आरा, पकडीने वाकवलेला.
सुदीनची पकड. वळण ओळखीचं.
आमच्या खिडकीची कडीही
त्याने अशीच वळवली आहे.

लादिस्लाव मग गप्प झाला.
डावीकडे गेला, उजवीकडे आला,
विडी विझली ते त्याला कळलं नाही.
'दोनूय वटेन उरफाटें,' म्हणाला शेवटी.
दोन्ही बाजू एकदम उघडल्या असणार त्याने,
आणि मग बघायला काही उरलं नसणार.

त्याने खडूने जमिनीवर बाण काढला,
गाडी जाते त्या दिशेचा.
आखूड लायनरचा शू पुढे.
लांब लायनरचा मागे.
'का?' मी विचारलं.
'फाटल्याक चड सोंसचें पडटा.'
एवढंच. आणि पाना मागितला.

मी वर बसले, तो खाली निजला.
दाब.
धर.
सोड.
बाटलीत बुडबुडे आले.
दाब.
धर.
धर गो, सोडूं नाका.
पोटरी थरथरायला लागली तरी धरलं.
सोड.
मग नुसतं तेल, एकही बुडबुडा नाही,
आणि पेडल पायाखाली उभं राहिलं
पाट्यासारखं.

आरा मी भंगारात टाकला नाही.
टूलबॉक्सात आहे. त्याला फोटो पाठवला,
खाली काही लिहिलं नाही.
बोटीवर रेंज कधी असते कधी नसते.

संध्याकाळी घराजवळच्या चढावर
गाडी मध्येच थांबवली.
हँडब्रेक ओढला. उतरले.
चाकामागे चिरा ठेवला, सवयीने.
गूळ अजून मागेच होता,
मुंग्यांना पत्ता लागला होता.

थोडा वेळ उभी राहिले.
मग वाकून
चिरा काढला.